पोट्टं अभ्यास करून राहिलं

कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीत ज्या घरातला कर्ता माणूस रात्रपाळी करून सकाळी येऊन झोपलाय, त्या घरात भर दुपारी पोरांनी कोणता खेळ खेळावा याची यादी करायला बसलं, तर ती दोन ओळींच्या पुढे जात नाही. क्रिकेटचा चेंडू खिडकीवर येतो, कॅरमची सोंगटी टणकन वाजते, पत्त्यांत चौथ्या डावाला भांडण ठरलेलं, आणि मोबाईलवरच्या खेळात बंदुका चालतात. बाहेर जावं तर मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला. उरतं बुद्धिबळ. या खेळात आवाज नाही, घाम नाही, गुडघा फुटत नाही, शेजारी तक्रार घेऊन येत नाही. दारातून डोकावलं तर मान खाली, एक हात कपाळाला, समोर पट, बाजूला वही नि पेन. आई समाधानाने दार लोटून घेते आणि फोनवर बहिणीला सांगते, "पोट्टं अभ्यास करून राहिलं." राष्ट्रीय पातळीवर खेळणारी जी कोवळी पोरं गेल्या काही वर्षांत नागपूर परिसरातून निघाली, त्यांच्यामागे प्रतिभा आहे, कष्ट आहेत, प्रशिक्षक आहेत, हे कबूल. पण या सगळ्याला घरात शिरायला वाट करून दिली ती दार लोटून घेणाऱ्या त्या गैरसमजाने, असं माझं म्हणणं आहे. बुद्धिबळ आपल्याकडे अभ्यासाचा वेष घालून आलं, आणि मराठी मध्यमवर्ग ज्याला कधीही दारात अडवत नाही अशी एकच गोष्ट या जगात आहे, ती म्हणजे अभ्यास.

आता कुणी म्हणेल, याला गैरसमज कशाला हवा, नागपूरचं ऊन पुरेसं आहे. भारतातल्या बुद्धिबळाचं माहेरघर चेन्नई, तेही तापट गाव, म्हणजे उन्हाचा नि ग्रँडमास्टरांचा काहीतरी संबंध असणारच. पण हा तर्क चंद्रपूरला पोचला की कोलमडतो. पारा नागपूरच्या वर नेण्याची तिथे जुनी परंपरा आहे, त्या हिशेबाने एव्हाना चंद्रपुरात दर चौकात एक ग्रँडमास्टर उभा असायला हवा होता. ऊन पोरांना घरात कोंडतं एवढंच. घरात कोंडलेल्या पोराने काय करावं, हे घर ठरवतं. आणि घर काय ठरवतं हे पाहायचं असेल तर दहावीच्या वर्षी पाहावं. कबड्डी खेळणाऱ्या मुलाला जूनमध्येच सांगितलं जातं, "आता एक वर्ष बंद." पोहणारीला दिवाळीपर्यंत मुदत मिळते. बुद्धिबळवाल्याला मात्र कुणी काही म्हणत नाही, कारण तो खेळतोय की शिकतोय याबद्दल घरात अजून एकमत झालेलं नसतं. त्याचा 'क्लास' असतो, क्लासला 'सर' असतात, सर 'होमवर्क' देतात, होमवर्कात कोडी असतात, पुस्तकं जाडजूड आणि आकृत्यांची असतात, स्पर्धेनंतर क्रमांक लागतो. एवढं सगळं ज्यात आहे त्याला खेळ म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने? त्यात हा खेळ असा, की प्रत्येक खेळी कागदावर लिहावी लागते. सचिन तेंडुलकरने मारलेला प्रत्येक फटका जर त्यानेच लगेच वहीत उतरवायचा असता, तर महाराष्ट्रात क्रिकेटला कुठल्याच आईने विरोध केला नसता.

निकाल पाहा. नागपूरचे अनुप देशमुख आंतरराष्ट्रीय मास्टर झाले, शेजारच्या अमरावतीचा स्वप्निल धोपाडे ग्रँडमास्टर झाला, आणि मग घोडदौड सुरू झाली. रौनक साधवानी २०१९ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, भारताचा ६५वा ग्रँडमास्टर झाला. २०२२ च्या चेन्नई ऑलिंपियाडमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या भारताच्या 'ब' संघात तो होता, आणि २०२३ मध्ये वीस वर्षांखालच्या जलद बुद्धिबळाचा जगज्जेता झाला. संकल्प गुप्ता २०२१ च्या नोव्हेंबरात सर्बियात खेळून अठराव्या वर्षी ७१वा ग्रँडमास्टर झाला. आणि दिव्या देशमुख. ही नि रौनक दोघंही २००५ च्या डिसेंबरातली, तेरा दिवसांच्या अंतराने जन्मलेली. त्या महिन्यात नागपुरात नक्की काय झालं होतं याचा तपास ज्योतिषांनी अजून कसा केला नाही, कोण जाणे.

दिव्याची गोष्ट माझ्या मुद्द्याला फार सोयीची आहे. आईवडील दोघेही डॉक्टर. म्हणजे ज्या घरात मुलीच्या हातात स्टेथोस्कोप कधी द्यायचा एवढाच प्रश्न असतो, असं घर. थोरली बहीण बॅडमिंटनला जायची, म्हणून धाकटीलाही तिकडे नेलं. पाचेक वर्षांचं पोर, नेट डोक्याच्या बरंच वर. त्याच इमारतीत बुद्धिबळाचाही वर्ग होता, तिथे बसवली. मुलाखतींतून आलेली ही हकिगत मला विचार करायला लावते. नेट अर्धा हात खाली असतं तर आज कदाचित नागपुरात एक बरी बॅडमिंटनपटू असती, जिला दहावीच्या जूनमध्ये कुणीतरी "आता एक वर्ष बंद" म्हटलं असतं. त्याऐवजी ती २०२२ ची राष्ट्रीय विजेती झाली, पुढच्या वर्षी आशियाई विजेती झाली, २०२४ मध्ये गांधीनगरला वीस वर्षांखालच्या मुलींची जगज्जेती झाली, त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये तिसऱ्या पटावर अकरापैकी साडेनऊ गुण घेऊन संघाचं आणि स्वतःचं अशी दोन सुवर्णपदकं घेऊन आली. आणि २०२५ च्या जुलैत जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांच्या विश्वचषकात पंधराव्या मानांकनावरून निघून अंतिम फेरीत कोनेरू हंपीसमोर जाऊन बसली. हंपी अडतीस वर्षांची, दिव्या एकोणीसची. दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला जलद डावांत पहिला पुन्हा बरोबरीत, आणि दुसऱ्यात काळ्या मोहऱ्यांनी दिव्या जिंकली.

इथे एक गंमत आहे, आणि ती अभ्यासवाद्यांनी जपून वाचावी. ग्रँडमास्टर व्हायचं तर २५०० रेटिंग लागतं आणि तीन 'नॉर्म' लागतात. नॉर्म म्हणजे ठरावीक दर्जाच्या स्पर्धेत ठरावीक कामगिरी, असे तीन दाखले जोडायचे. आपल्या लोकांना हे लगेच कळतं, कारण जातीच्या दाखल्यापासून रहिवासाच्या दाखल्यापर्यंत सगळं तीन प्रतींत द्यायची आपल्याला सवय आहे. दिव्या बाटुमीला गेली तेव्हा तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. विश्वचषक जिंकणाऱ्या बाईला ग्रँडमास्टर किताब थेट मिळतो, असा नियम आहे. म्हणजे ही मुलगी बारावीची चाचणी, सहामाही, सराव परीक्षा काहीही न देता एकदम बोर्डात पहिली आली. भारताची ८८वी ग्रँडमास्टर, आणि हा किताब मिळवणारी चौथी भारतीय स्त्री. नियमित अभ्यास, टप्प्याटप्प्याने प्रगती, असल्या सगळ्या सुविचारांना तिने एका सोमवारी बगल दिली. त्या विजयाचं श्रेय तिने आपले पहिले प्रशिक्षक, दिवंगत राहुल जोशी यांना दिलं. ही ग्रँडमास्टर होणार असं ते पहिल्यापासून म्हणत असत. त्यांना हा अभ्यास नव्हे हे ठाऊक असणार. खेळ शिकवणाऱ्या माणसाला ते ठाऊक असतंच, तो फक्त पालकसभेत बोलत नाही.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात भारदस्त आक्षेप असा, की यात गैरसमज कसला, बुद्धिबळाने बुद्धी खरंच वाढते. एकाग्रता येते, गणित सुधारतं, स्मरणशक्ती तल्लख होते. शहरातल्या अर्ध्या क्लासच्या पाट्यांवर हेच लिहिलेलं असतं, आणि पाटीवर जे रंगवलेलं असतं ते खोटं ठरवणं अवघड. तरी प्रयत्न करू. १९७३ मध्ये अमेरिकेत चेस आणि सायमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी (एकाचं आडनाव चेस होतं, हा निव्वळ योगायोग) एक जुना डच प्रयोग पुढे नेला. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवायची, मग पट झाकायचा आणि आठवून मांडायला सांगायचं. मास्टरने बहुतेक मोहरे जागच्या जागी मांडले, नवशिक्याला चार-पाच जमले. इथपर्यंत पाटीवाले खूश. मग तेच मोहरे पटावर वाटेल तसे विखरून दाखवले. मास्टरची स्मरणशक्ती नवशिक्याच्या पंगतीला येऊन बसली. म्हणजे मास्टरला आठवतं ते बुद्धिबळ आठवतं. दुधाचा हिशेब, मामेबहिणीचा वाढदिवस आणि इतिहासातल्या तहांची कलमं यांना त्याच्या डोक्यात राखीव जागा नाही. इंग्लंडमध्ये तर शंभर प्राथमिक शाळा घेऊन पाहिलं, काहींत मुलांना बुद्धिबळ शिकवलं, काहींत नाही, आणि वर्षभराने गणिताचे गुण तपासले. २०१६ मध्ये अहवाल आला, फरक शून्य. पोरं बुद्धिबळ शिकल्याने बुद्धिबळ खेळू लागतात, असा त्याचा मथितार्थ. मला तर हे खेळाच्या बाजूचं प्रशस्तिपत्रच वाटतं. पोहण्याने इंग्रजी सुधारतं का, असं आपण कधी विचारत नाही.

दुसरा आक्षेप खास कोराडीचा आहे आणि तो काढणारा माणूस बहुधा वीज केंद्रात अभियंता असतो. तो म्हणतो, अभ्यास नि बुद्धिबळ दोन्ही जमवता येतं, बोटविन्निककडे बघा. मिखाईल बोटविन्निक १९४८ मध्ये जगज्जेता झाला, आणि तो खरोखरच विद्युत अभियंता होता, पुढे त्याने त्या विषयात डॉक्टरेटही मिळवली. दुसऱ्या महायुद्धात उरल पर्वताजवळच्या गावात तो विजेच्या तारांच्या कामावर होता. १९७४ पासून ज्या गावाने विजेशिवाय दुसरं काही फारसं बोललेलं नाही, जिथे ६६० मेगावॅटचे तीन संच धडधडतायत, त्या गावात या माणसाचा एखादा चौक व्हायला काहीच हरकत नाही. नोकरीही आहे, तीही विजेतली, आणि जगज्जेतेपदही आहे. स्थळ सांगून आलं तर नाव ठेवायला जागा नाही. पण तपशिलात शिरलं की अडचण होते. त्या युद्धकाळातही बोटविन्निकला बुद्धिबळासाठी आठवड्याचे तीन दिवस मोकळे हवे होते, आणि ते त्याला थेट मोलोतोव्हच्या शब्दावर मिळाले. सोव्हिएत परराष्ट्रमंत्र्याची चिठ्ठी आणल्यास तीन दिवसांची रजा द्यावी, अशी सोय आपल्याकडच्या रजा नियमांत माझ्या तरी पाहण्यात नाही. शिवाय १९६० मध्ये याच शिस्तशीर अभियंत्याला मिखाईल ताल नावाच्या, साहित्य शिकलेल्या तेवीस वर्षांच्या पोराने हरवलं. पुढच्या वर्षी बोटविन्निकने पद परत घेतलं खरं, पण पालकांनी गोष्ट सांगताना मधलं वर्ष गाळू नये. आणि ही गोष्ट ज्या काळातली, त्या काळात माणूस आधी पदवी घेई नि मग जगज्जेता होई. आता गुकेश बारा वर्षं सात महिन्यांचा असताना ग्रँडमास्टर होतो आणि अठराव्या वर्षी जगज्जेता. तो चौथीनंतर रोजच्या शाळेत गेला नाही. हे वाक्य घरात मोठ्याने वाचू नये. त्याऐवजी "आनंदने बी.कॉम. केलं" हे वाक्य वापरावं, तेही खरंच आहे.

गैरसमजाचे फायदे मी सांगतोय म्हणून त्याची किंमत लपवण्याचं कारण नाही. खेळाला अभ्यास समजलं की खेळाला परीक्षाही समजलं जातं, आणि इथली परीक्षा वर्षातून दोनदा नसते. राष्ट्रीय स्पर्धेत सात वर्षांखाली, नऊ वर्षांखाली, अकरा, तेरा अशा विषम संख्यांच्या पायऱ्या चढत पोरं एकोणीसला पोचतात, आणि प्रत्येक पायरीवर रेटिंग नावाचा आकडा गळ्यात असतो. तो दर महिन्याला सगळ्या जगासमोर जाहीर होतो. शाळेतले गुण निदान शेजारणीपासून लपवता येतात. त्यात अठरा वर्षांखालच्यांचं गणित मोठ्यांपेक्षा निर्दयी आहे. समजा १९०० रेटिंगचं सोळा वर्षांचं पोर, मिसरूड फुटलेलं, १५०० रेटिंगच्या नऊ वर्षांच्या पोराशी हरलं, तर त्याचे जवळपास ३७ गुण एका दुपारी जातात. त्या नऊ वर्षांच्याला हे ठाऊक असतं. तो खुर्चीवर गुडघे टेकून बसतो, कारण पाय जमिनीला पोचत नाहीत आणि समोरचा हत्ती हाताला येत नाही. खेळी केली की घड्याळ दाबतो, कागदावर लिहितो, उतरून बाजूच्या पटावर काय चाललंय ते बघून येतो. मिसरूडवाला मात्र जागचा हलत नाही. प्रत्येकी दीड तास आणि खेळीमागे तीस सेकंद. चार तासांनी डाव संपतो, हात मिळवले जातात, पंच येतात, आणि निकालाच्या कागदावर दोघांच्या सह्या होतात. सही म्हणजे काय ते नऊ वर्षांच्याला अजून ठरवता आलेलं नसतं, तो आपलं पूर्ण नाव सुट्या अक्षरांत, वडिलांच्या नावासकट लिहितो. सोळा वर्षांच्याची सही मात्र झोकदार असते, खाली दोन टिंबं वगैरे. एरवी सरावाची झालेली ती सही या कागदावर जरा गिचमिड येते.

दाराबाहेर पालक. आत त्यांना प्रवेश नाही, आणि हा नियम करणाऱ्याने बालमानसशास्त्रात फार मोलाची भर घातली आहे. बाहेर सतरंज्या, डबे, थर्मास, एखादी धाकटी बहीण शाळेचा गृहपाठ करत. (खरा अभ्यास करणारी त्या आवारात ती एकटीच.) पूर्वी या पालकांना आत काय चाललंय ते कळायचं नाही आणि ते सुखात होते. आता वरच्या पटांचे डाव मोबाईलवर दिसतात, आणि शेजारी संगणकाचा एक आकडा खालीवर होत असतो. ज्या बापाला घोडा अडीच घरं कुठल्या दिशेने जातो हे अजून विचारावं लागतं, त्याला आपलं पोर दोन पूर्णांक सात दशांशाने हरतंय हे पोराच्या आधी वीस मिनिटं कळलेलं असतं. आत पोर छान खेळतंय असं समजून मजेत असतं, बाहेर बापाची शुगर वाढते. डाव संपून पोर बाहेर आलं की तो विचारतो, "बाविसावी खेळी काहून खेळला बे तशी?" पोर त्याच्याकडे असं बघतं, जसं अधिकमासात जावयाने मागितलेल्या वाणाकडे सासऱ्याने बघावं. मग डब्यातली पोळी-भाजी निघते, आणि पुढच्या फेरीत कुणाशी गाठ आहे याची यादी येईपर्यंत दोघेही एका शब्दाने बोलत नाहीत. यादी आली की बाप पुन्हा विद्वान होतो, "हा उंटाच्या डावात कच्चा आहे म्हणतात." कोण म्हणतात? शेजारच्या सतरंजीवरचे.

या किमतीचा एक भाग मुलींनी जास्त भरला आहे, आणि तो महाराष्ट्राने फार आधी पाहिलेला आहे. १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती वासंती खाडिलकरने जिंकली. 'नवाकाळ'चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन मुलींनी पुढची काही वर्षं ते विजेतेपद घराबाहेर जाऊ दिलं नाही. लोकांना कौतुक होतं. पांढरपेशा घरातल्या मुली, फ्रॉकमध्ये खाली मान घालून बसलेल्या, बाहेर उन्हात नाही, कुणाशी धक्काबुक्की नाही. इथेही तोच वेष कामाला आला. बसलेली मुलगी समाजाला नेहमीच आवडते. मग १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली आणि एका बड्या खेळाडूला तिने हरवलं. ती अजूनही तशीच खाली मान घालून बसली होती, तरी एकाएकी पुष्कळांना हा खेळ आहे हे आठवलं. मुलगी पुरुषांत खेळू शकते का यावर वाद पेटला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या दारात गेलं, आणि शेवटी जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी मुलींना असं अडवता येणार नाही असा निकाल दिला. युवे स्वतः माजी जगज्जेते, आणि पेशाने गणिताचे शिक्षक. रोहिणी पुढे पाच वेळा राष्ट्रीय विजेती आणि १९८१ मध्ये आशियाई विजेती झाली. हे सगळं जुनं झालं म्हणावं, तर २०२४ च्या जानेवारीत नेदरलँड्समधल्या स्पर्धेनंतर अठरा वर्षांच्या दिव्याला जाहीरपणे लिहावं लागलं, की प्रेक्षक माझे कपडे, केस आणि उच्चार यांवर बोलतात, खेळींवर बोलत नाहीत. चार तास एका जागी बसलेल्या माणसाकडे बघून ज्यांना केस दिसतात, त्यांचं लक्ष घरच्या अभ्यासात कधी लागलं असेल असं वाटत नाही.

पैशाचा आक्षेप उरतो. कुणी म्हणेल, प्रशिक्षक, विमानाची तिकिटं, परदेशातली हॉटेलं, हा खर्च कुठला बाप गैरसमजापोटी करेल? मी म्हणतो, गैरसमजापोटीच करेल. खेळासाठी पाच हजारांचे बूट मागितले तर घरात अंदाजपत्रकी अधिवेशन भरतं, आणि अभ्यासासाठी दोन वर्षांची अडीच लाखांची शिकवणी लावायची म्हटलं तर बाप फक्त हप्ते किती एवढंच विचारतो. नागपुरात डॉक्टर-इंजिनिअर घडवणाऱ्या शिकवण्यांच्या पाट्या मोजायला लागलं तर संध्याकाळ होते. बुद्धिबळाचा खर्च त्या खात्यावर पडतो, म्हणून निभतो. त्यात राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. म्हणजे इंग्लंडच्या शंभर शाळांना जे साधलं नाही, ते आपल्या सरकारने एका परिपत्रकात साधलं. आपल्याकडे बुद्धिबळाने गुण खरंच वाढतात.

मात्र हा सुखाचा गैरसमज आता फार दिवस टिकेल अशी लक्षणं नाहीत, आणि मला खरी काळजी त्याचीच आहे. बाटुमीच्या विजयाचं बक्षीस पन्नास हजार डॉलर होतं. दिव्या परतल्यावर राज्य सरकारने नागपुरात जाहीर सत्कार करून तीन कोटी रुपये दिले. तीन कोटी हा आकडा कोराडीपासून कामठीपर्यंत एका रात्रीत पोचला, आणि ज्या घरांत पट कपाटावर धूळ खात होता त्या घरांतून तो खाली आला. आता दार लोटून घेणारी आई दार उघडं ठेवते. कोराडीच्या जगदंबेच्या देवळात नवरात्रात ज्योत लावताना आजवर मेडिकलचा प्रवेश मागितला जायचा, तिथे उद्या नॉर्म मागितले जातील. पोराला सकाळी सहाला उठवून 'शेवटाचे डाव' घोकून घेतले जातील, सरांना विचारलं जाईल "सिलॅबस कधी संपेल", आणि रविवारी शेजारच्या मुलाचं रेटिंग तोंडावर फेकलं जाईल. वेष उतरला की आतल्या खेळाचं पुढे काय होतं, हे क्रिकेटच्या नेटबाहेर खुर्च्या टाकून बसलेल्या बापांना विचारावं.

आणि मग पोरं काय करतील? ती करायचं तेच करतील, जे घर सांगेल त्याच्या आड दुसरं काहीतरी. वसाहतीतल्या एखाद्या घरात बाप रात्रपाळी करून झोपलेला असेल, आई मधूनमधून डोकावून सिसिलियन बचावाची किती पानं झाली ते पाहत असेल, आणि पटामागे मान घालून बसलेलं ते पोट्टं त्या जाड पुस्तकाच्या आत भूमितीचं पुस्तक ठेवून, कुणी न सांगता, निव्वळ मजा म्हणून एक प्रमेय सोडवत बसलेलं असेल. सापडलं तर मार खाईल.